डोंगरवाटेवरील सायकल : स्प्रिंग कशासाठीं?

एखादें यंत्र रोजच्या राबत्यांतलें झालें म्हणजे त्याविषयीं विचार करण्याचें मनुष्य सोडून देतो. सायकलीचें असेंच झालें आहे. पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई. आणि पिंपरी-चिंचवडला कारखान्यांचे भोंगे वाजूं लागले तेव्हां पाळीवर जाणाऱ्या कामगाराचें वाहनहि तेंच होतें. पुढें स्कूटर आली, मोटारसायकल आली, मोटार आली, आणि सायकल जिन्याखालीं जाऊन बसली. ती पुनः बाहेर आली ती निराळ्या वेषांत. रुंद व दांतेरी टायर, आडवें सरळ हँडल, पुढील फोर्कला दोन चकचकीत नळ्या, आणि कित्येकींस सीटखालीं एक जाड स्प्रिंग. बाजारांत हिला ‘एमटीबी’ म्हणतात आणि त्या नळ्यांना ‘शॉकअप’. निगडी, आकुर्डी, मोशी, चाकण या भागांतील पुष्कळ घरांतून मुलाच्या वाढदिवसास अशी सायकल येते. आणि ती घेतांना दुकानांत हमखास विचारलें जातें कीं, शॉकअप एक आहे कीं दोन?

हा प्रश्न वावगा नाहीं, पण अपुरा आहे. घोरावडेश्वराच्या किंवा भंडाऱ्याच्या डोंगराकडील पायवाटांवर सायकल चालविणारा अनुभवी स्वार तो तसा विचारणार नाहीं. शॉकअप किती आहेत यापेक्षां ते काम कोणतें करतात हें तो आधीं पाहील. सामान्य समजूत अशी कीं, स्प्रिंग ही स्वाराच्या सुखासाठीं असते. हाडें खिळखिळीं होऊं नयेत एवढाच तिचा हेतु. वस्तुतः हा तिचा दुय्यम लाभ होय. तिचें मुख्य काम चाक जमिनीला धरून ठेवणें हें आहे. हा भेद शब्दांचा नव्हे. सायकल कोणती घ्यावी, किती पैसे खर्चावे, आणि उतारावरून मुलगा धड खालीं येईल कीं नाहीं, हें सर्व त्यावर अवलंबून असतें.

डोंगरी सायकलीचा जन्म स्प्रिंगशिवाय झाला, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत मॅरिन नांवाचा परगणा आहे. तेथील कांहीं तरुण १९७० नंतरच्या वर्षांत जुन्या, जड, रुंद टायरच्या सायकली घेऊन डोंगर उतरूं लागले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं त्यांनीं फेअरफॅक्स गांवाजवळील एका कच्च्या रस्त्यावर पहिली शर्यत लावली. सुमारें ४०० मीटरांचा तो उतार होता. त्या सायकलींचा ब्रेक मागील चाकाच्या हबमध्यें असे, आणि खालीं पोंचेपर्यंत तो इतका तापे कीं आंतलें ग्रीस जळून जाई. मग हब उघडून त्यांत पुनः ग्रीस भरावें लागे. इंग्रजींतील ‘पुनः भरणें’ या अर्थाच्या शब्दावरून त्या रस्त्यास ‘रिपॅक’ हें नांव पडलें. त्याच मंडळींपैकीं जो ब्रीझ यानें पुढें डोंगरासाठीं म्हणून मुद्दाम नवीन सांगाडा बांधला; आणि १९८१ सालीं ‘स्टम्पजंपर’ ही कारखान्यांत मोठ्या संख्येनें होणारी डोंगरी सायकल बाजारांत आली. तिलाहि स्प्रिंग नव्हती. मोटारसायकलींच्या शर्यतींचा अनुभव असलेल्या पॉल टर्नर यानें ‘रॉकशॉक्स’ हा तेल व हवा यांवर चालणारा फोर्क १९८९ सालीं बाजारांत आणला, तेव्हां कोठें स्प्रिंगचा काळ सुरू झाला. १९९६ सालीं अटलांटाच्या ऑलिंपिक सामन्यांत या खेळाला स्थान मिळालें. अर्थात् डोंगर आधीं, सायकल मागाहून आणि स्प्रिंग सर्वांच्या शेवटीं, असा हा क्रम आहे.

स्प्रिंगची गरज कां भासली हें एका साध्या हिशेबानें समजतें. एक स्वार ताशीं अठरा किलोमीटर वेगानें उतरत आहे असें समजावें. म्हणजे तो सेकंदास पांच मीटर जातो. वाटेंत पांच सेंटिमीटर उंचीची एक पायरीसारखी कड आली आणि चाक तिच्यावरून खालीं उतरलें. चाकानें लगेच जमिनीला टेकावें अशी अपेक्षा असते. परंतु नुसत्या गुरुत्वाकर्षणानें पांच सेंटिमीटर खालीं येण्यास सुमारें एकदशांश सेकंद लागतो, आणि तेवढ्या अवकाशांत सायकल अर्धा मीटर पुढें गेलेली असते. या अर्ध्या मीटरांत चाक हवेंत असतें. हवेंतील चाक वळत नाहीं आणि ब्रेक लावला तरी सायकल थांबवीत नाहीं. एकच कड असेल तर याचें कांहीं वाटत नाहीं. परंतु डोंगराच्या वाटेवर अशा कडा एकामागून एक येतात, आणि मग स्वाराच्या हातीं हँडल असूनहि ताबा त्याच्या हातीं राहात नाहीं.

येथें स्प्रिंग उपयोगी पडते. स्वाराच्या भारानें ती आधींच थोडीशी दबलेली असते. खालीं खळगा येतांच ती पसरते आणि चाकास खालीं ढकलते. चाकाला पडण्याची वाट पाहावी लागत नाहीं. उलट उंचवटा आला तर चाक वर सरकतें, परंतु स्वार व सांगाडा यांना फारसा धक्का लागत नाहीं. ताठ फोर्क असेल तर पासष्ट किलोचा स्वार आणि चौदा किलोची सायकल यांच्या भाराचा मोठा वांटा प्रत्येक दगडावर उचलावा लागतो. स्प्रिंग असेल तर पुढचें चाक व फोर्कचा खालचा भाग एवढाच काय तो वर जातो. वर जाणारा भार जितका हलका, तितकें चाक चपळ. आणि जितकें चाक चपळ, तितकी जमिनीशीं त्याची गांठ पक्की.

परंतु नुसती स्प्रिंग हें अर्धेंच यंत्र होय. दाबलेली स्प्रिंग आपल्यांत सांठविलेला जोर परत देते, आणि तो एकदम देते. पाळण्याला एक झोका दिला तर तो बराच वेळ हालत राहतो, तशी नुसत्या स्प्रिंगवरील सायकल एका धक्क्यानंतर वरखालीं डोलत राहील; आणि तिच्या डोलण्याचा व वाटेवरील दगडांचा ताल जुळला तर चाक जमिनीवर राहण्याऐवजीं टणाटण उडूं लागेल. हा जोर कोठें तरी जिरविला पाहिजे. त्यासाठीं नळीच्या आंत तेल भरून तें बारीक छिद्रांतून जाण्यास भाग पाडतात. तेल घुसमटत जातें, घर्षणानें किंचित् तापतें, आणि धक्क्याचा जोर उष्णतेच्या रूपानें निघून जातो. या योजनेस डँपर म्हणतात. स्प्रिंग धक्का झेलते आणि डँपर तो जिरवितो. दोहोंपैकीं एक नसेल तर दुसऱ्याचा उपयोग फारच थोडा.

ही विद्या पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या रहिवाशांस परकी नाहीं. तेलानें धक्का जिरविणारा दुर्बिणीसारखा सरकता फोर्क जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीनें १९३५ सालीं आपल्या मोटारसायकलींस बसविला, आणि पुढें तीच रीत जगभर रूढ झाली. १९६१ सालीं स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडिया या कंपनीच्या चाकण येथील कारखान्यांत मोटारींचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर तयार होतात. आकुर्डीस बजाज ऑटोनें कित्येक दशकें स्कूटर बनविल्या, आणि त्याच कंपनीच्या चाकणच्या कारखान्यांत मोटारसायकली तयार होतात. म्हणजे या पट्ट्यांत सकाळीं पाळीवर जाऊन स्प्रिंग, तेल व छिद्रें यांचा हिशेब करणारीं माणसें घरोघर आहेत. असें असतां त्याच घरांतील मुलासाठीं सायकल घेतांना मात्र नुसत्या चकचकीत नळ्या पाहून समाधान मानलें जातें, ही नवलाची गोष्ट आहे.

कित्येकांच्या मनांत असा विचार येतो कीं, मोटारसायकलीचाच एखादा मजबूत शॉकअप सायकलीला कां बसवूं नये? याचें उत्तर भाराच्या प्रमाणांत आहे. मोटारसायकलीचा स्वतःचा भार स्वाराच्या दुपटीहून अधिक असतो; सायकलीचा भार स्वाराच्या पाव हिश्शाइतका असतो. मोटारसायकलीच्या भारासाठीं बेतलेली स्प्रिंग सायकलीखालीं दबणारच नाहीं. ती लोखंडी गजासारखी ताठ राहील. शिवाय सायकलीचा स्वार स्थिर बसत नाहीं. तो उभा राहतो, पुढें झुकतो, मागें सरतो आणि पायडल मारतांना प्रत्येक वेळीं भार खालवर करतो. म्हणून तिची स्प्रिंग त्याच्या वजनाप्रमाणें कमीजास्त करतां आली पाहिजे, आणि नळ्यांमधील घर्षण इतकें कमी पाहिजे कीं लहान खड्यावरहि फोर्कनें सरकावें. हें काम कुसरीचें आहे, आणि चांगल्या फोर्कची किंमत याच कुसरीची असते.

आतां स्वस्त सायकलीवरील शॉकअप पाहावा. त्यांत बहुधा पोलादी स्प्रिंग आणि रबराचा तुकडा एवढाच ऐवज असतो. तेलाचा डँपर नसतो. असा फोर्क अडीच किलोच्या आसपास भरतो. साधा ताठ पोलादी फोर्क त्याच्या निम्म्यानें हलका असतो. मग स्वाराच्या पदरीं काय पडलें? चढावर सव्वा किलो अधिक ओझें, आणि उतारावर टणाटण उडणारें चाक. वर जी फिरकी असते ती फिरविली म्हणजे स्प्रिंग कडक झाली असा भास होतो. खरोखर तिचा कडकपणा तोच राहतो, ती आरंभीं किती दबून राहावी एवढेंच बदलतें. सीटखालची दुसरी स्प्रिंग तर पायडल मारण्याचा जोरहि थोडथोडा खाऊन टाकते. म्हणून जाणता स्वार असें सांगेल कीं, पैसे मर्यादित असतील तर दोन शॉकअपची जड सायकल घेण्यापेक्षां ताठ फोर्कची, चांगल्या टायरची व चांगल्या ब्रेकची सायकल घ्यावी. ती दिसावयास साधी, परंतु उतारावर अधिक विश्वासाची.

‘चांगल्या टायरची’ असें म्हणण्यास कारण आहे. सायकलीची पहिली स्प्रिंग टायर हीच होय. १८८८ सालीं बेलफास्टच्या जॉन डनलॉप यानें हवेचा टायर केला तोच मुळीं धक्के सोसवेनात म्हणून. टायरांतील हवा कमी असेल तर तो दगडाभोंवतीं वांकतो आणि त्यास कवटाळतो. हवा गच्च असेल तर त्यावरून उडतो. रस्त्यावरील अरुंद टायरांत दर चौरस इंचास शंभर पौंडांच्या घरांत दाब ठेवतात. डोंगरी सायकलीच्या सव्वादोन इंची टायरांत स्वाराच्या वजनाप्रमाणें पंचवीस ते पस्तीस पौंड पुरे होतात. त्याहून फार उतरवूं नये, नाहींतर दगडाच्या कडेवर ट्यूब रिमखालीं चेंगरून एकदम दोन ठिकाणीं फुटते. पेट्रोल-पंपावर टायर दगडासारखा टणक करून डोंगरावर जाणारा मुलगा आपली सर्वांत उत्तम स्प्रिंग स्वतःच्या हातानें निकामी करीत असतो. हवेचा दाब मोजण्याचें साधन शंभर रुपयांच्या गोष्टी हजारांत विकणाऱ्या दुकानांतहि फारसें महाग नसतें. तें घरीं असावें.

आतां ज्या वाटांसाठीं हा सर्व खटाटोप, त्या वाटा कशा आहेत हें पाहूं जातां आणखी एक गोष्ट उघड होते. दख्खनचा हा प्रदेश सुमारें सहासष्ट कोटी नव्हे, तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याच्या थरांचा बनलेला आहे. थरावर थर बसल्यामुळें डोंगरांना पायऱ्यांचें रूप आलें. आणि या खडकास इंग्रजींत जें ‘ट्रॅप’ हें नांव आहे तें जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेलें आहे. भंडारा, भामचंद्र, घोरावडेश्वर हे सारे डोंगर याच जातीचे. परदेशीं पुस्तकांत ज्या वाटांचें वर्णन असतें त्या पुष्कळदां रानांतील मऊ मातीच्या असतात. वळणांवर चाक रुतून आधार मिळतो. येथें काळ्या खडकाच्या कडा, मधून मधून सुटे गोटे, आणि त्यांवर मुरमाचा थर. फाल्गुन-चैत्रांत हा मुरूम सुका होऊन पायांखालीं बंदुकीच्या छऱ्यांसारखा घरंगळतो. आषाढ-श्रावणांत त्याच खडकावर शेवाळ धरतें आणि चाकाचा कोणताहि दांत तेथें चालत नाहीं. वर्षांत सायकलीस खरोखर अनुकूल असा काळ पाऊस ओसरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमाराचा. तेव्हां जमीन घट्ट असून किंचित् ओलसर असते. अशा कडा असलेल्या वाटांवर पुढील फोर्कची सरक शंभर ते सव्वाशें मिलिमीटर असली म्हणजे बहुतेक स्वारांचें काम भागतें. त्याहून अधिक सरक म्हणजे चढावर उगाच वाहिलेलें ओझें.

चांगला फोर्क घेतला म्हणजे काम संपलें असेंहि नाहीं. तो स्वाराच्या वजनास जुळवून घ्यावा लागतो. रीत सोपी आहे. फोर्कच्या वरच्या नळीवर एक रबरी कडें असतें. नसेल तर बारीक दोरा बांधावा. नेहमींची पाठपिशवी व शिरस्त्राण घालून भिंतीच्या आधारानें सायकलीवर चढावें, पायडलांवर उभें राहावें, कडें खालीं सरकवावें आणि अलगद उतरावें. शंभर मिलिमीटर सरकेच्या फोर्कमध्यें कडें पंधरा ते वीस मिलिमीटर सरकलें असेल तर हवेचा दाब योग्य. कमी सरकलें असेल तर हवा थोडी सोडावी. अधिक सरकलें तर भरावी. हें आधींचें दबणें म्हणजे उणेपणा नव्हे. खळग्यांत चाकास खालीं ढकलण्यासाठीं स्प्रिंगजवळ तेवढें भांडवल शिल्लक पाहिजे. नंतर हँडल जोरानें दाबून सोडावें. फोर्क चटकन् वर यावा, पण चाक जमिनीवरून उडतां कामा नये. उडालें तर परतीचा वेग कमी करण्याची कळ असते ती थोडी फिरवावी. एवढ्या दहा मिनिटांच्या कामानें जो फरक पडतो तो कित्येकदां नवा फोर्क घेऊनहि पडत नाहीं.

मागील चाकासहि स्प्रिंग असावी कीं नाहीं, याविषयीं स्वारांत दोन पक्ष आहेत, आणि दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे. एक पक्ष म्हणतो कीं, मागचें चाक दगडांवर चिकटून राहिलें तर उतारावर ब्रेक अधिक लागतो आणि खडकाळ चढावर चाक जागच्या जागीं फिरत नाहीं. दुसरा पक्ष म्हणतो कीं, सांध्यांचीं बेअरिंगें वाढलीं, किंमत वाढली, वजन वाढलें, आणि पावसाळ्यांतील चिखल त्या सांध्यांत शिरला म्हणजे रविवार सायकल चालविण्यांत न जातां ती उघडण्यांत जातो. शिवाय ताठ मागचें चाक शिक्षकाचें काम करतें. वाट निवडण्यांत चूक झाली कीं लगेच कळवितें. या पट्ट्यांत डोंगरापर्यंत जाण्यास निम्मा रस्ता डांबरी व मालमोटारींच्या रहदारीचा असतो, हें ध्यानांत घेतां शिकाऊ स्वारासाठीं दुसऱ्या पक्षाचें म्हणणें अधिक व्यवहार्य दिसतें. जो आठवड्यांतून दोनदां खडकाळ वाटा उतरतो, त्याची गोष्ट निराळी.

दोन्ही पक्षांचें एका गोष्टीविषयीं मात्र एकमत आहे. सर्वांत मोठी स्प्रिंग आणि सर्वांत हुशार डँपर स्वाराचे हातपाय हेच होत. उतारावर सीटवर बसून राहणारा स्वार हा गोणीसारखा भार असतो. तोच पायडलांवर उभा राहिला, दोन्ही पायडलें सारख्या उंचीवर ठेवलीं, गुडघे व कोपरें सैल वांकविलीं, म्हणजे सायकल त्याच्याखालीं मोकळेपणानें खालवर होऊं शकते. खळग्यांत तो तिला पायांनीं खालीं लोटतो, उंचवट्यावर वर येऊं देतो. अशा शॉकअपची सरक दहाबारा सेंटिमीटर. माणसाच्या पायांची त्याच्या कितीतरी पट. नजर चाकाखालच्या दगडावर न ठेवतां आठदहा हात पुढें ठेवावी. ब्रेक लावतांना भार पुढें सरकतो, म्हणून थांबविण्याचें बहुतेक काम पुढील चाक करतें; परंतु सुट्या मुरमावर तें एकदम आवळलें तर घसरून स्वार पडतो. म्हणून वळणाच्या आधीं, जमीन घट्ट असेल तेथें, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबून वेग कमी करावा आणि वळणांत चाक मोकळें सोडावें.

या उपदेशाचा संबंध केवळ स्वाराच्या हाडांशीं नाहीं, डोंगराशींहि आहे. ब्रेक आवळून मागचें चाक फरफटत आणलें म्हणजे मुरमावर एक चर पडतो. पहिल्या पावसाचें पाणी तोच चर धरून वाहतें, दुसऱ्या पावसांत त्याची घळ होते, आणि कांहीं वर्षांत जेथें पाऊलवाट होती तेथें ओढा होतो. फिरतें चाक, जें जमिनीला धरून आहे, तें असा चर पाडीत नाहीं. ओल्या मातींत मात्र कोणतेंहि चाक चाकोरी पाडतें. म्हणून पाऊस पडून गेल्यावर वाट सुकेपर्यंत डोंगरावर सायकल न नेणें हाच सुज्ञपणा. दुसरें असें कीं, या वाटा सायकलींसाठीं झालेल्या नाहींत. भंडारा व भामचंद्र हे डोंगर तुकारामबोवांच्या चिंतनाचीं स्थानें म्हणून वारकऱ्यांस पूज्य आहेत; घोरावडेश्वरास लेण्यांतील देवाच्या दर्शनास लोक पायऱ्यांनीं चढतात; पायथ्याच्या गांवचे गुराखी गुरें घेऊन त्याच वाटांनीं जातात. पायीं चालणाऱ्याचा हक्क पहिला. त्यांच्या वाटेंत सायकलीवरून उतरणें यांत स्वारास कमीपणा नाहीं. आणि भाविकांच्या गर्दीच्या दिवशीं दुसरीकडे जाणें हें अधिक बरें.

सारांश, दुकानांत जाणाऱ्या गृहस्थानें शॉकअप मोजण्यापूर्वीं चार गोष्टी विचाराव्या. ही सायकल रोज कोठें चालणार, शाळेच्या रस्त्यावर कीं डोंगरावर? रस्त्यावरच चालणार असेल तर स्प्रिंगचे पैसे वांचवावे. डोंगरावर जाणार असेल तर फोर्कमध्यें तेलाचा डँपर आहे काय? मुलाच्या वजनाप्रमाणें तो जुळवितां येतो काय? टायर रुंद आणि ब्रेक भरंवशाचे आहेत काय? या प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असतील तर नळ्यांच्या चकाकीला महत्त्व नाहीं. आणि पहिल्यांदा डोंगरावर जातांना मुलानें वाट एकदां पायीं उतरून पाहावी. ज्या कडेवरून उतरतांना पाय अडखळतो, तेथें चाकहि अडखळेल. आणि हें ठाऊक करून घेण्यास कोणताहि खर्च पडत नाहीं.